पावतीवरील एक शब्द
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकीय निवेदन)



वर्षाचा जमाखर्च आपणांसमोर आहेच. त्यात न उमटलेली एक हकिकत, संबंधितांच्या संमतीने व ओळख राखून, सांगण्याची अनुमती असावी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकात आमचा अधिकार नाही. परंतु केसपेपरच्या खिडकीपाशी जे दिसते, ते पुष्कळदा तपासणीच्या खोलीत दिसत नाही.

गतवर्षी एक माता आपल्या महाविद्यालयीन कन्येस घेऊन आली. चक्कर येणे, पाळी बंद होणे, केस गळणे, या तक्रारींपायी रक्ततपासण्या आणि लोहाच्या गोळ्या यांत अनेक महिने गेले होते. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले ते ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकाराचे. वजन वाढण्याच्या भयाने रुग्ण अन्न नाकारतो. १८७३ साली लंडनचे सर विल्यम गल यांनी त्यास हे नाव दिले. म्हणजे आजार नवा नाही, आणि श्रीमंती चोचला तर मुळीच नाही. तो जिवावर बेतू शकतो.

घरात कोणास कळले कसे नाही, असे आपण विचाराल. सोमवार, चतुर्थी, एकादशी. मुलगी उपास धरते याचे कौतुकच होत होते. मावशी म्हणाली, "छान बारीक झालीस." जिच्या न खाण्याची स्तुती होते, तिने मदत मागावी तरी कोणत्या शब्दांत? शिवाय आपल्याकडे माणसे जोडली जातात ती पंगतीत. केळवण, मुंज, डोहाळजेवण टाळता टाळता ती माणसांपासूनच तुटली.

निदानानंतर माता आमच्याकडे आली. "साहेब, पावतीवर 'मानसोपचार' असं लिहू नका हो. उद्या स्थळं पाहायची आहेत." लेखापरीक्षणास विभागाचे नाव लागते, असे उत्तर आम्ही दिले. त्यानंतर अडीच महिने दोघी फिरकल्या नाहीत. परतल्या तेव्हा मुलीस दाखलच करावे लागले. हा दोष आम्ही आमच्याच नावे टाकतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विम्यात शारीरिक आजारांशी बरोबरीही दिली आहे. परंतु वडिलांचा विमा कचेरीमार्फत होता. कागद वरिष्ठांच्या टेबलावरून जाणार, म्हणून त्यांनी दावाच केला नाही.

विश्वस्तांच्या संमतीने आता पावतीवर विभागाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, आणि नावाऐवजी टोकन पुकारले जाते. बुधवारी दुपारी रुग्ण व नातेवाईक यांची बैठक भरते. पहिल्या दिवशी आम्ही हौसेने चहा-बिस्किटे मांडली; समुपदेशक बाईंनी ती मुकाट्याने उचलायला लावली. त्या दिवशी दोनच माता आल्या, त्यांतील एक हीच. दूरच्या रुग्णांना शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आम्ही आवर्जून देतो.

मुलगी अद्याप उपचारांखाली आहे. अशा रुग्णांसाठी अर्धवेळ आहारतज्ज्ञाची निकड आहे. त्या वेतनाची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र मांडली आहे. ती आपण कृपया पाहावी.