भेगेतलं नाणं

(वर्धा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'घराचे नूतनीकरण : नियोजन व दक्षता' असा छापला आहे. आपल्याकडे असं कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, 'घराचं काम काढलं.' ऐकणारा लगेच म्हणतो, 'अरे बापा!' मला आज त्या 'अरे बापा'वर बोलायचं आहे.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायला मोकळा होतो. मी स्थापत्य शाखेचा माणूस. पाया किती खोल घ्या, हे लोकांना सांगण्यात नोकरी गेली. तरी वडिलांच्या घराला मागच्या बाजूनं एक खोली जोडायची वेळ आली, तेव्हा घरात लग्न होतं, तारीख ठरलेली होती आणि मी घाई केली. जुनं घर मुरमाच्या उंचवट्यावर होतं, मागचं अंगण काळ्या मातीचं. पाया मात्र जुन्या घराला होता तेवढाच खोल घेतला आणि नवी भिंत जुन्या भिंतीत दात काढून जोडून टाकली. लग्न थाटात झालं. पुढच्या मे महिन्यात दोन भिंती जिथे भेटतात तिथे वरपासून खालपर्यंत उभी भेग पडली. मी रुपयाचं नाणं घेतलं आणि कडेनं सरकवलं. सहज आत गेलं.

पुट्टी भरली, रंग मारला. ऑगस्टमध्ये पाहतो तर पुट्टीचा पापुद्रा फुगून बाहेर आलेला आणि भेग जवळपास मिटलेली. नाणं टेकवलं तर आत जाईना. पुढच्या मेमध्ये पुन्हा गेलं. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याच्याच घराच्या भिंतीनं असा धडा दिला.

यात चमत्कार काही नाही. आपली काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती घराखाली असली तर घर वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. सगळं घर सारखं हललं तर फारसं बिघडत नाही. अर्धं मुरमावर आणि अर्धं काळीवर असलं की ते मधोमध फाटतं. मेमध्ये भेग सगळ्यात रुंद असते, तेव्हा आपण ती गच्च भरतो. पावसात माती फुगून भेग मिटायला निघते, तर मध्ये आपली पुट्टी. मग ती फुटून बाहेर येणार, दुसरं काय करणार?

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. ते गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणायचे आणि शेताला काळी. पांढरीवर घर, काळीवर पीक. हा नुसता रंगाचा भेद नव्हता, त्यात पायाचा सल्ला होता. आता वर्ध्यात, हिंगणघाटात, आर्वीत, कुठेही जा, गावाबाहेरची कपाशीची वावरं लेआउट झाली आहेत. कागदावर जमीन अकृषक झाली. मातीला तो कागद वाचता येत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. वर्ध्याचं घर एक नसतं, दोन असतात. एक मेमधलं, एक ऑगस्टमधलं. आपण कामाचा आराखडा दिवाळीत बसून करतो. तेव्हा हवा छान असते, भिंती कोरड्या असतात, बोनस हातात असतो. घर त्या दिवसांत सगळ्यात चांगलं वागतं आणि आपण त्या वागण्यावर विश्वास ठेवतो. काम काढायच्या आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा घराकडे नुसतं बघा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेग उघडत-मिटत असेल तर तो मातीचा खेळ आहे. ती एकाच दिशेनं वाढत असेल तर पाया खचतो आहे, मग रंगवाल्याला नाही, इंजिनिअरला बोलवा. पाऊस थांबल्यावर घराभोवती पाणी कुठे साचतं ते बघा. कोणत्या भिंतीला ओल आधी येते, दुपारी तीन वाजता कोणती भिंत हाताला चटका देते, हे एका वहीत लिहा. या वहीला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुतेक ती कोणी करत नाही.

काळ्या मातीवर खोली वाढवायचीच असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं यावर जुना, कसाला उतरलेला उपाय दिला आहे. खाली फुगीर कांदा असलेले खांब, आमच्या भाषेत अंडर-रीम्ड पाइल. खोल काळ्या मातीत ते निदान साडेतीन मीटर उतरवतात, म्हणजे ऋतूप्रमाणे हलणाऱ्या मातीच्या खाली जाऊन ते टेकतात. एका खोलीसाठी हे परवडत नसेल तर एवढं तरी करा. नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवू नका, मध्ये सांधा ठेवा, दोघींना आपापलं हलू द्या. पायातून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नका, मुरूम भरा. आणि घराभोवती तीन-चार फुटांची फरसबंदी बाहेरच्या उताराची करा. मोरीचं पाणी भिंतीलगत सोडून तिथे केळी लावायची आपली हौस असते. केळी छान येतात, भिंत जाते.

पाण्याबद्दल मला एका गवंड्यानं शिकवलं. देवळीकडचा, वयानं माझ्याएवढाच. माझ्या एका नातेवाइकांच्या घरी छताला ओलीचा डाग होता. त्यांनी घाईनं पीओपीची कामं काढली, कारण मुलाला बघायला पाहुणे येणार होते. या गवंड्याला डाग खरवडायला बोलावलं. तो शिडीवर चढलाच नाही. खाली उभा राहून म्हणाला, 'काकाजी, पाणी कुठून येऊन राह्यलं ते पाह्यल्याबिगर मी पोपडा बी काढत नाही.' काकाजी चिडले, दुसरा माणूस आणला. जुलैत पीओपीचा एक तुकडा दिवाणावर पडला. सुदैवानं दिवाणावर कोणी नव्हतं.

पाणी जिथे दिसतं तिथे शिरलेलं नसतं. ते स्लॅबच्या कोपऱ्यातून, पॅरापेटच्या मुळातून, टाकीखालच्या पाइपाभोवतून शिरतं आणि सळईच्या कडेकडेनं चालत दहा फुटांवर उतरतं. म्हणून कामाचा क्रम वरून खाली आणि बाहेरून आत असा हवा. आधी गच्ची, तिचा उतार, पावसाचे पाइप, मग नळ आणि सांडपाणी, मग वायरिंग, मग प्लास्टर, रंग आणि सगळ्यात शेवटी फरशी. आपण नेमकं उलटं करतो. दुकानात फरशी आवडते, तिथून घराचं काम सुरू होतं. मग चकचकीत फरशीवरून गवंडी मालाची घमेली नेतो आणि घरातली माणसं दिवसभर 'सांभाळून, सांभाळून' करत बसतात.

आता सेवाग्रामकडे वळतो. वर्ध्यात घराबद्दल बोलायचं आणि तिथे जायचं नाही, हे बरं नव्हे. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा पहिली वास्तू उभी राहिली ती आदि निवास. आश्रमात सांगतात की बापूंनी खर्चाला शंभर रुपयांची मर्यादा घातली होती आणि झाले चारशे नव्व्याण्णव. बापू नाराज झाले आणि जमनालालजी बजाजांना समजूत काढावी लागली. मला ही हकीकत फार धीर देते. खुद्द महात्म्याचं अंदाजपत्रक पाचपट वाढलं, तिथे आपल्या मिस्त्रीचं काय घेऊन बसलात! तेव्हा अंदाजपत्रकात जुन्या घरासाठी निदान पंधरा-वीस टक्के राखीव ठेवा. प्लास्टर काढल्यावर आत काय सापडेल, हे मिस्त्रीलाही माहीत नसतं.

पण मुद्दा बापू कुटीचा आहे. ती मुळात बापूंच्या शिष्या मीराबहेन यांची झोपडी. आदि निवासात गर्दी वाढली म्हणून बापू तिथे राहायला गेले आणि मग गरजेप्रमाणे तिच्यात बदल होत गेले. म्हणजे जगभरातून लोक जी वास्तू बघायला येतात, ती आपल्या आजच्या विषयातलीच आहे. काम काढलेलं, वाढवलेलं घर. मातीच्या भिंती, लाकूड-बांबू, वर कवेलू, भिंतीवर मीराबहेननी मातीनंच उठवलेली ताडाची झाडं, मोर, चरखा. वाढवताना जुन्या अंगाला जे मानवेल तेच जोडलं. जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला एका परिषदेला आले होते. ते या कुटीत बसले आणि त्यांनी आपलं भाषणच तिच्यावर केलं. माणूस राहतो ती जागा वेगळी आणि सामान ठेवायचं गोदाम वेगळं, असा त्यांचा रोख होता. आपली निम्मी कामं सामानासाठीच निघतात, हे तुम्ही मनातल्या मनात कबूल कराल. पश्चिमेच्या भिंतीला छतापर्यंत कपाट ठोकलं की तिची ओल तीन वर्षं दिसत नाही. दिसते तेव्हा आतल्या शालूवर बुरशी असते.

बापू कुटी टिकली, कारण लिपणं-सारवणं आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरणं, हा घराच्या वागण्याचा भाग धरला गेला. मातीच्या घरांचं आपण गावोगाव नेमकं काय करतो? दरवर्षीचं लिपण नको म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करतो. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट चोपडलं की खालून चढलेली ओल आत अडकते, माती मऊ होते, आणि एक दिवस प्लास्टर भिंतीचा पदर घेऊन उतरतं. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्या, ती भिंत तुमच्या नातवापर्यंत जाईल. कवेलूंचंही तसंच. वानरांनी कवेलू फोडले म्हणून लोक टिन टाकतात. वानरांचा जाच मला मान्य आहे, मीही भोगला आहे. पण नुसत्या टिनाखाली मेमध्ये माणूस राहू शकत नाही. टाकायचंच असेल तर खाली बांबूचं किंवा लाकडाचं छत करून मध्ये हवा खेळू द्या. इथल्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या निमुळत्या नळ्या एकमेकींत बसवून कमानीचं छत करून दाखवलं आहे. त्यासाठी लोखंड जवळपास लागत नाही. काम काढण्याआधी एकदा जाऊन बघा तरी.

उन्हाचा विषय निघाला म्हणून कूलरबद्दल. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि बहुतेक घरं कूलरवर जगतात. नूतनीकरणात जुन्या, दोन्ही दारं उघडणाऱ्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवतात. सरकती खिडकी सहसा निम्म्याहून जास्त उघडत नाही. त्या निम्म्यात कूलर बसला की ओली हवा बाहेर जाणार कुठून? कूलर हवा ढकलतो. समोरून ती निघाली नाही तर खोलीत दमट उकाडा होतो आणि लोक म्हणतात, कूलर खराब आहे. समोरच्या भिंतीत उंचावर झडप ठेवा. आणि खिडक्या-दारांच्या सागवानी चौकटी भंगारात देऊ नका. त्या विकून जे पैसे येतात त्यात नवी फ्लश दारं निम्मीही येत नाहीत, हा हिशोब मी अनेक घरांत करून दाखवला आहे.

शाळांच्या सुट्ट्या म्हणून आपण स्लॅबही मेमध्येच टाकतो. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट निदान दहा दिवस ओलं ठेवा, मिश्र सिमेंट असेल तर चौदा, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. आपण तिसऱ्या दिवशी म्हणतो, झालं की आता. नळ एक दिवसाआड येतो आणि पिण्याचं पाणी स्लॅबवर ओतायला जीव होत नाही. मग फेब्रुवारीत टाका. नाहीतर पाण्याची सोय आधी आणि सिमेंटची नंतर करा.

ठेक्याबद्दल थोडक्यात. मजुरीवर दिलंय की मालासकट, मोजणी चौरस फुटानं की ब्रासनं, जुना राडारोडा कोण उचलणार, हे कागदावर लिहा. मेहुण्याचा मित्र असला तरी लिहा, मित्र असला तर आधी लिहा. पैसे कामाच्या टप्प्यावर द्या, वारावर नाही. भिंत पाडायची असेल किंवा मजला चढवायचा असेल तर नगरपरिषदेची परवानगी आणि इंजिनिअरची सही, दोन्ही हवं. जुन्या वर्ध्यातल्या नऊ इंची भिंती छत पेलतात. एखादी भिंत ठोकून पोकळ वाजली म्हणून ती पडदी ठरत नाही. तिच्यावर काय टेकलंय ते बघायचं.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतायत. पण एक चिठ्ठी आली आहे, ती वाचून थांबतो. 'मागच्या अंगणात जुनी विहीर आहे, उन्हाळ्यात थोडंच पाणी असते. बुजवून त्यावर स्वयंपाकघर काढायचं आहे, चालेल काय?' नाव लिहिलेलं नाही, हे बरं केलं. ताई असाल किंवा दादा, विहिरीत भरलेला भराव वर्षानुवर्षं दबत राहतो. त्यावरचा ओटा आधी कलेल, मग भिंत. स्वयंपाकघर बाजूला सरकवा. विहिरीवर लोखंडी जाळी बसवा, गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडा. आणि बांधकामाला पाणी तिथूनच घ्या, तुमची चौदा दिवसांची सोय झाली.