रक्तातली बारीक वाट

आपल्या अंगातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना आपण केशवाहिन्या म्हणतो. खरं तर केससुद्धा त्यांच्यापुढे दोरखंड! तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रॉन रुंद, आणि काही केशवाहिन्या जेमतेम 5 मायक्रॉनच्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग पेशी जाते कशी? अंग दुमडून. तिच्या पोटात केंद्रक नसतं, दोन्ही बाजूंनी ती दबलेली असते. अर्धवट भरलेल्या पिशवीसारखी ती सहज घडी घालते आणि पलीकडे गेली की पुन्हा गोल होते. सुमारे 120 दिवस हाच तिचा नेम. पांढरी पेशी तर स्वतः सरपटते. जखम झाली की वाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग चिंचोळं करून बाहेर पडते.

हे वाकणंच थांबलं तर? सिकलसेल आजारात तेच होतं. सिकल म्हणजे विळा. आईबापांकडून आलेल्या दोषामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो. प्राणवायू देऊन झाला की हे हिमोग्लोबिन आतल्या आत काड्यांसारखं जुळतं. पेशी ताठरते, विळ्यासारखी होते आणि बारीक वाटेत अडकते. मागचं रक्त तुंबतं. हाडं, सांधे असे ठणकतात की माणूस तळमळतो. अशा पेशी लवकर मरतात, म्हणून अंगात रक्तही कमी.

आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली या भागांत हा आजार बराच आहे. मी मुळशीतल्या नेरे गावात राहतो. जवळच हिंजवडीकडे इमारती उठतात, दूरदूरची माणसं तिथं राबायला येतात. उन्हात राबताना पाणी कमी पडलं, तर या आजाराची कळ उठू शकते. अशा मजुराला कामचुकार म्हणण्याआधी पाणी द्यावं, सावलीत बसवावं, दवाखान्यात न्यावं. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानं कळा कमी होतात.

आणखी एक. एकाच पालकाकडून दोष आला, तर माणूस वाहक असतो; तो सहसा ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. 1 जुलै 2023 रोजी देशानं हा आजार 2047 पर्यंत हटवण्याची मोहीम सुरू केली आहे. सोयरीक जुळवताना कुणी पत्रिका पाहतं, कुणी खानदान. ज्या भागात हा आजार आहे, तिथं सोबत रक्ताची चिठ्ठीही पाहावी. वाहक असणं हा कलंक नव्हे. ते वेळेवर कळणं हीच लेकरांची सोय.