गेमबॉयचा कॅमेरा आणि पुसलेले एकवीस फोटो

आत्ता ज्या फोनवर हे ऐकताय, त्याच्या गॅलरीत किती फोटो आहेत ते जरा आठवा. आज ज्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय, त्यात फक्त ३० मावायचे. एकतिसावा काढायचा तर आधीचा एक पुसायचा, दुसरा इलाज नाही.

हा गेमबॉय कॅमेरा. निन्टेन्डोने १९९८ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये तो ‘पॉकेट कॅमेरा’ नावाने आणला आणि त्याच वर्षी पुढे अमेरिकेत. तिकडे किंमत होती ४९ डॉलर ९५ सेंट. आपल्याकडे तेव्हा हातातला गेम म्हणजे बहुतेकांसाठी विटा रचायचा ब्रिक गेम. गेमबॉय दिसायचा तो एखाद्याचा मामा परदेशातून आला तरच.

गेमबॉयच्या मागे एक खाच असते, त्यात गेमची कार्ट्रिज बसते. कॅमेराही तिथेच बसवायचा. फरक एवढाच, की याच्या डोक्यावर एक गोल डोळा आहे आणि तो १८० अंशांत फिरतो. समोरच्याचा फोटो काढा, नाहीतर डोळा फिरवा आणि स्वतःचा काढा. सेल्फी हा शब्द लोकांच्या तोंडी बसायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! जपानमध्ये तेव्हा फोटोचे स्टिकर छापून देणाऱ्या बूथची क्रेझ होती, मुली रांगा लावायच्या. निन्टेन्डोने कॅमेऱ्यासोबत छोटा प्रिंटरही काढला, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. कागद थर्मल, मागून चिकट. थर्मल म्हणजे आपल्या एटीएमच्या पावतीचाच प्रकार, त्यामुळे तो पुसट व्हायचा तोही तसाच.

आता फोटोचा दर्जा. आडवे १२८ ठिपके, उभे ११२. गुणाकार केला तर १४,३३६. तुमच्या फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा याच्या आठशे पटींहून जास्त ठिपके टिपतो. रंग नाहीतच. पांढरा, फिका करडा, गडद करडा, काळा, संपलं. मग चेहरा ओळखू कसा येतो? जुन्या पेपरातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो डोळ्याजवळ धरून पाहिलाय कधी? नुसते ठिपके दिसतात. लांब धरला की त्यातून गाल, कपाळ, सावली तयार होते. इथेही तीच युक्ती. या फोटोंना स्वतःचा असा एक चेहरा आहे, आणि तो कुठल्याही फिल्टरपेक्षा मला जास्त आवडतो. नील यंग या गायकाच्या २००० साली आलेल्या ‘सिल्व्हर अँड गोल्ड’ अल्बमच्या कव्हरवरचा फोटो त्याच्या मुलीने याच कॅमेऱ्याने काढलेला आहे.

एक गंमत सांगून टाकतो. मेनूमध्ये ‘रन’ असा एक पर्याय आहे. तो दाबलात तर अचानक एक विद्रूप माणसाचा चेहरा स्क्रीनवर येतो आणि तू कुणापासून पळतोयस असं विचारतो. लहान मुलांच्या खेळण्यात! हे कुणाला सुचलं असेल देव जाणे.

पण आज मला मुख्य बोलायचंय ते या फोटोंच्या आयुष्याबद्दल. कार्ट्रिजमधली मेमरी अशी आहे, की तिला सतत थोडी वीज लागते, गेमबॉय बंद असतानाही. ती देतो आत बसवलेला एक छोटा बटण सेल. तो संपला की तीसही फोटो गेले. आता हे सेल पंचवीस वर्षांहून जुने झालेत. कपाटात पडलेल्या कार्ट्रिज एकेक करून कोऱ्या होतायत आणि घरच्यांना पत्ताही नाही.

गेल्या वर्षी मी जपानमधून अशी एक वापरलेली कार्ट्रिज मागवली. सेल जिवंत होता. अल्बममध्ये ९ फोटो. एक कुत्रा, एक सायकल, खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या तारा, असे. ते वाचवायचे म्हणून कार्ट्रिज रीडर लावून अख्खी मेमरी कॉम्प्युटरवर उतरवली. तर निघाले ३०.

कारण हा कॅमेरा पुसलेला फोटो खरं तर पुसतच नाही. तो फक्त यादीतून त्याचं नाव काढतो. वहीच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडावी आणि पान तसंच राहावं, तसं. त्या जागेवर नवा फोटो येईपर्यंत जुना तिथेच बसून असतो.

त्या २१ मध्ये एकच मुलगी पुन्हा पुन्हा होती. असेल दहा-बारा वर्षांची. कधी अर्धाच चेहरा, कधी कॅमेऱ्यासमोर हात. एका फोटोत ती रडतेय की हसतेय, ते चार छटांत मला कळेना. मी बराच वेळ बघत बसलो आणि मग अवघडल्यासारखं झालं. तिने हे बघून ठरवलं होतं, की नको. आज ती माझ्याएवढी किंवा मोठीच असेल.

माझा मित्र म्हणाला, “अरे, टाक ना इन्स्टाला, भारी सिरीज होईल. चौदा हजार ठिपक्यांत कोण ओळखणारे तिला?” मी म्हटलं, तिची आई ओळखेल. त्यावर तो म्हणाला, की तुझ्याआधी जगात कुणी हे पाहिलंही नसेल, तू पुसलेस तर कायमचे गेले. हा मुद्दा खोटा नाही. मी दोन आठवडे काहीच केलं नाही.

शेवटी तिने ठेवलेले ९ मी ठेवले. बाकीचे २१ कॉम्प्युटरवरून काढले. मग कार्ट्रिज उघडून सेल बदलला, म्हणजे आतलेही गेले. मित्र अजून टोमणे मारतो.

तुमच्या कुणा दादा-ताईकडे, काका-मामाकडे हा कॅमेरा असेल, तर एक सांगा. घाईने सेल बदलायला जाऊ नका. जुना सेल काढला की मेमरी कोरी होते. आधी फोटो बाहेर काढा. त्यासाठी कार्ट्रिज रीडर मिळतात, किंवा आर्डुइनो वापरून गेमबॉयला समोर प्रिंटरच आहे असं भासवता येतं. गेमबॉय बिचारा छापायला पाठवतो आणि फोटो उतरतो तुमच्या लॅपटॉपवर.

माझ्या कार्ट्रिजमध्ये सध्या माझे चार फोटो आहेत. त्यातले तीन हललेत. चला, भेटू पुढच्या भागात.