परीकथेतली जखम

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा काही भाग)

८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जे. आर. आर. टॉल्किन परीकथांवर बोलले. पुढच्याच आठवड्यात, १५ मार्चला, जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. जग पेटायला आलेले असताना ऑक्सफर्डचा एक भाषापंडित परीकथांवर बोलतो, याला पळपुटेपणा म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. वास्तव झेपत नाही म्हणून माणसे राक्षसांत आणि जादूच्या अंगठ्यांत रमतात, हा आरोप आपल्या ओळखीचाच आहे. त्या व्याख्यानाचा विस्तार करून १९४७ साली छापलेल्या निबंधात टॉल्किन यांनी त्याला उत्तर दिले: रणातून पळणारा शिपाई वेगळा आणि घरी जाण्यासाठी धडपडणारा कैदी वेगळा. मित्रहो, मला हे उत्तर अपुरे वाटते. त्यांच्या कादंबरीने दिलेले उत्तर याहून फार मोठे आहे.

हा माणूस युद्ध पुस्तकात वाचून शिकलेला नव्हता. १९१६ च्या उन्हाळ्यात लँकेशायर फ्यूझिलिअर्सचा संदेशवहन अधिकारी म्हणून तो पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. शाळेपासून जीव जडलेले तीन मित्र होते. त्यांतला रॉब गिल्सन पहिल्याच दिवशी, १ जुलैला पडला. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे एकोणीस हजारांहून अधिक जवान मारले गेले. दुसरा मित्र, जेफ्री स्मिथ, डिसेंबरात जखमांनी गेला. टॉल्किन यांना खंदकातल्या उवांमुळे पसरणारा ताप आला आणि नोव्हेंबरात त्यांना मायदेशी पाठवले गेले. त्यानंतर त्यांनी लिहायला घेतली ती आघाडीवरची आठवण नव्हती. गोंडोलिन नावाच्या एका लपलेल्या नगरीच्या पाडावाची कथा होती. त्या नगरीवर लोखंडी ड्रॅगन चालून येतात आणि त्यांच्या पोटात सैनिक भरलेले असतात. जगात रणगाडे पहिल्यांदा वापरले गेले ते सप्टेंबर १९१६ मध्ये, त्याच सोमच्या आघाडीवर.

आता 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला एक प्रसंग नीट पाहू. ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. दुसऱ्या खंडात सॅम हा साधा माळी झुडपांत लपून माणसांची माणसांशी चाललेली लढाई आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहे. शत्रूपक्षाचा एक सैनिक धडपडत येऊन जवळच कोसळतो. मानेत बाण रुतलेले, तांबडा अंगरखा फाटलेला, सोने गुंफलेल्या काळ्या वेण्या रक्ताने भिजलेल्या, सावळ्या हातात मोडक्या तलवारीची मूठ अजून घट्ट धरलेली. चेहरा दिसत नाही याचेच सॅमला बरे वाटते. मग त्याच्या मनात येते: याचे नाव काय असेल? हा कुठून आला? हा मनाने खरोखर दुष्ट होता, की कोणाच्या थापांनी वा धाकाने घर सोडून इतक्या लांब आला?

हाच मृत सैनिक जर्मन असता, तर १९५४ सालच्या इंग्रज वाचकाला तो इतक्या मोकळेपणाने पाहता आला असता का? मला नाही वाटत. बॉम्बहल्ल्यांत घर गमावलेल्या माणसाच्या मनात त्या नावाबरोबर सगळा निवाडा आधीच उभा राहिला असता. तो सैनिक ज्या काल्पनिक देशाचा आहे त्या हारादबद्दल मात्र कोणाचेच मत तयार नसते. तिथला मेलेला माणूस आधी माणूस म्हणून दिसतो. ओळखीची नावे काढून घेतल्यामुळे वास्तव धूसर होत नाही, उलट अधिक स्पष्ट होते. म्हणूनच कादंबरीतली ती सत्तेची अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असली समीकरणे मांडणाऱ्यांशी माझे जमत नाही. टॉल्किन यांनीही दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कादंबरीचा असा रूपकात्मक अर्थ स्पष्ट नाकारला.

आणि सॅमचा मालक फ्रोडो. तो अंगठी नष्ट करायला निघतो आणि अग्निपर्वताच्या कड्यावर पोचल्यावर ती स्वतःचीच म्हणून बोटात घालतो. आपला नायक ऐन क्षणी हरतो! जग वाचते ते त्याच अंगठीने पछाडलेल्या गोलमने त्याचे बोट चावून तोडल्यामुळे आणि अंगठीसह तोल जाऊन खाली पडल्यामुळे. फ्रोडो घरी परततो. गावात मान मिळतो तो चिलखते मिरवणाऱ्या त्याच्या सोबत्यांना. त्याची विचारपूस फारशी कोणी करत नाही. ६ ऑक्टोबरला, ज्या तारखेला त्याला सुरा लागला होता त्या तारखेला, तो पुन्हा आजारी पडतो. पुढच्या वेळी आजारी पडतो तेव्हा तो ते लपवतो. शेवटी जहाजात बसून तो आपला देश कायमचा सोडतो.

विजयानंतरच्या राज्याभिषेकाशी कथा थांबवली असती तर कोणी तक्रार केली नसती. शिवाय त्या जगात एल्फ आहेत, जाणते वैद्य आहेत, हात ठेवून रोगी बरा करणारा राजा आहे. एका वाक्यात ती जखम भरून काढण्याची मुभा लेखकाला होती. वास्तववादी कादंबरीकाराला ती मुभा नसतेच, त्यामुळे त्याच्या शिपायाचे दुखणे टिकले तर आपल्याला नवल वाटत नाही. इथे मात्र सगळे उपाय हाताशी असताना टॉल्किन यांनी फ्रोडोला त्याच्या देशात बरे होऊ दिले नाही. सोमहून परतलेल्या, दोन मित्र गमावलेल्या माणसाने केलेली ही निवड आहे, आणि त्या युद्धाबद्दल याहून खरे काही त्यांनी कुठे लिहिले असेल असे मला वाटत नाही.