50 पैशांचं पोस्टकार्ड आणि जिन्यातला नळ

शेवटचं पत्र कधी लिहिलंत? बहुतेकांचं उत्तर असेल, 'दहावीच्या मराठीच्या पेपरात.' तेही मार्कांसाठी, कधीच पोस्टात न पडणारं.

आज बोलूया प्राथमिक शाळेतल्या मुलांबद्दल. माझी भाची भांडुप पश्चिमेला राहते, चौथीत आहे. तिला अभ्यास होता : पर्यावरणावर पत्र लिहा. तिने लिहिलं, 'झाडे लावा, पाणी वाचवा.' मी विचारलं, "हे कोणाला लिहिलंयस?" ती म्हणाली, "सगळ्यांना." आता सगळ्यांना लिहिलेलं पत्र वाचणार कोण?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे 'अ‍ॅप चालत नाही' एवढंच लिहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही. कुठे बिघडलं, कधी, किती, काय व्हायला हवं, हे सगळं लागतं. म्हटलं, "तुला रोज दिसणारं काय बिघडलंय?" ती लगेच म्हणाली, "मामा, जिन्यातला नळ गळतो."

मग आम्ही नळाखाली एक लिटरची बाटली लावली. 10 मिनिटांत भरली. म्हणजे तासाला 6 लिटर, दिवसाला 144. गुणाकार तिनेच केला, आणि उत्तर बघून स्वतःच गप्प झाली. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना चार ओळींचं पत्र गेलं. तिसऱ्या दिवशी वायसर बदलला. त्यावर तिने दुसरं पत्र लिहिलं, आभाराचं : 'आता बाटली लावली तरी रिकामीच राहते.'

बघा, यात मराठी आलं, गणित आलं, परिसर अभ्यासही आला. आणि हे भांडुपमध्ये घडावं यालाही अर्थ आहे. मुंबईचं बरंचसं पिण्याचं पाणी आपल्याच भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं. त्याच भांडुपच्या टेकडीवर लोक ठरावीक वेळेच्या पाण्यासाठी हंडे लावून बसतात. इथल्या पोराला थेंबाची किंमत पुस्तकातून शिकवावी लागत नाही. ती नीट मांडायला शिकवावी लागते.

पत्ता लिहिणं हाही एक धडाच. भांडुप पश्चिमेचा पिन 400078. पहिले तीन आकडे मुंबईचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे पंडित! हे ऐकल्यावर मुलं पिन कोड विसरत नाहीत.

पत्राने खरंच काही होतं का? टेकडीपलीकडचं आरे आठवा. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने तेच याचिका म्हणून घेतलं आणि 7 ऑक्टोबरला तोड थांबवायला सांगितलं. पण तोवर 2,141 झाडं गेली होती. मुलांना दोन्ही सांगा : पत्राला ताकद असते, आणि पत्राला वेळही असते.

प्रत्येक पत्राला उत्तर येईलच असं नाही. म्हणून मुलाच्या पहिल्या पत्रासाठी असा माणूस निवडा, जो खरंच वाचेल. सेक्रेटरी, मुख्याध्यापिका, गावची आजी. पहिलंच पत्र वाया गेलं, तर ते पोर 'लिहून काय होणार' हे शिकतं. आणि ते एकदा शिकलं की पुसायला फार कठीण.

तर या रविवारी एक काम करा. घरातल्या, चाळीतल्या एखाद्या चिमुरड्याला घेऊन परिसरात फेरी मारा. काय दिसलं ते मोजा. पोस्टकार्ड 50 पैशांचं मिळतं. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या, मजकूर तुम्ही सांगू नका. आणि उत्तर तुमच्याकडूनच अपेक्षित असेल, तर प्लीज, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवू नका. हाताने लिहा.

भेटूया पुढच्या भागात!