कोणाचाही खिसा रिकामा राहू नये

१४ फेब्रुवारी हा संत व्हॅलेंटाइनच्या नावाने ओळखला जाणारा दिवस. त्या दिवशी अमेरिकेतील प्राथमिक शाळांतून मुले एकमेकांना लहान लहान स्नेहपत्रिका देतात. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे एस्थर हाउलंड या तरुणीने १८४८ च्या सुमारास जाळीदार कागदाच्या अशा पत्रिका बनवून विकण्यास आरंभ केला, आणि त्या देशात ही चाल घरोघर रुजण्यास तिचा मोठा हातभार लागला.

पूर्वी पुष्कळ वर्गांत सर्वांची मिळून एकच सजविलेली पेटी असे. तिच्यातून एकेक पत्रिका काढून नाव पुकारले जाई. ज्याचे नाव वारंवार निघे तो हरखून जाई. ज्याचे निघतच नसे, त्या बालकाने पाहावे तरी कोठे? चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतील चार्ली ब्राउन असाच पत्रिकेची वाट पाहत राहतो. ते वाचून हसू येते, परंतु त्या हसण्याला व्यथेची किनार असते.

म्हणून पुढे अनेक शाळांनी दोन गोष्टी अंगीकारल्या. पत्रिका द्यावयाच्या तर वर्गातील प्रत्येकास द्यावयाच्या, आणि त्यासाठी सर्व नावांची यादी घरी पाठवावयाची. तसेच प्रत्येक मुलाने पत्रिका ठेवण्याचा खिसा स्वतःच्या हाताने बनवावयाचा.

याची कृती सोपी आहे. एक कागदी बशी अखंड ठेवावी व दुसरी मधोमध कापावी. अर्धी बशी अखंड बशीवर पालथी ठेवली, की मध्ये पोकळी राहते. कडेने भोके पाडून त्यांतून लाल लोकर ओवली, की खिसा तयार. तांबड्या कागदाची घडी घालून घडीच्या बाजूने अर्धे हृदय कापावे. उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या उतरतात. ते खळीने चिकटवून त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणाला लिफाफा जाईल एवढी फट पाडली, तरीही काम भागते.

सक्तीच्या स्नेहाला काय मोल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्याच्याशी वर्षभर बोलणे झाले नाही, त्याचेही नाव बिनचूक लिहावयाचे व त्याच्या खिशात आपल्या हाताने पत्रिका टाकावयाची, ही सवय लहान नव्हे. माया शिकविता येत नाही. कोणास वगळू नये, हे मात्र शिकविता येते. शहाणी शिक्षिका समारंभापूर्वीच सर्व खिसे चाचपून पाहते, आणि एखादा हलका लागला, तर टेबलाच्या खणातील कोऱ्या पत्रिका काढून गुपचूप लिहावयास बसते.