नोकरदाराचे कागद आणि कायद्याची मुदत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घरांत मुलांना पाढ्यांबरोबरच शिकविली जाते. भावाभावांतील बांधाच्या भांडणापुरती ती खरीही आहे; अशा दाव्यांत दोन-दोन पिढ्या झिजलेल्या आपण पाहिल्या आहेत. परंतु हीच म्हण दुकानात वा कारखान्यात चाकरी करणाऱ्याच्या तोंडी आली म्हणजे तिचा लाभ त्याला न होता मालकाला होतो, हे मला आज सांगावयाचे आहे.

आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ एका पेढीवर अठरा वर्षे कारकून होते. पेढीवर पंधरा-सोळा माणसे कामास असत. २०१९ साली त्यांनी काम सोडले तेव्हा अखेरचे वेतन, महागाई भत्ता धरून, १५,६०० रुपये होते. मालकाने वर पंचवीस हजार रुपये हातावर ठेविले आणि ‘सर्व हिशेब चुकता, काही येणे नाही’ अशा कागदावर सही घेतली. गृहस्थ मालकाचे उपकार मानीत घरी आले! वस्तुतः १९७२ च्या उपदान कायद्याप्रमाणे (आपण सारे ग्रॅच्युइटी म्हणतो ती हीच) हिशेब निराळा होता. मासिक वेतनास २६ ने भागिले की एका दिवसाचे ६०० रुपये. त्यास १५ ने गुणिले की एका वर्षाचे ९,०००. आणि अठरा वर्षांचे १,६२,०००. चौथीतील मुलाने सोडवावे असे हे गणित. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे पाच वर्षे सलग नोकरी झाली की ही रक्कम हक्काची होई. ती बक्षिसी नव्हे. त्या कायद्याच्या १४ व्या कलमामुळे मालकाशी केलेला उलट करारही या हक्काच्या आड येत नसे.

सुदैवाने त्यांच्या पत्नीने पगाराच्या चिठ्ठ्या डाळीच्या रिकाम्या डब्यात जपून ठेविल्या होत्या. त्यांच्या आधारे श्रम खात्याच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज झाला आणि पंचवीस हजार वजा जाता राहिलेली रक्कम सव्याज मिळाली. दिवाणी न्यायालयाचे तोंडही पाहावे लागले नाही. त्या डब्याचे मोल मी कोणत्याही वकिलाहून अधिक समजतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पंधरा दिवसांच्या वेतनाची रीत तीच आहे. ठराविक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना मात्र आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या सेवेवरही उपदान मिळते. यांतील काहीही आपोआप आलेले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारिली, आणि १८९० साली त्यांच्या चळवळीमुळे कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आजचा आपला मेळावा रविवारीच भरला आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता मुदतीविषयी. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे थकलेल्या वेतनाचा अथवा हातउसन्या पैशांचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ‘येत्या दिवाळीस देतो’ या वायद्यावर चार दिवाळ्या गेल्या की सत्य आपल्या बाजूस राहते आणि दावा बुडतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. तोंडी कबुलीने होत नाही. भिडेखातर कागद न मागणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे, आणि ती मोठी महाग पडते.

वकिलाच्या शुल्काची धास्ती पुष्कळांना असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कचेरीत अर्ज करावा. लोकन्यायालयात तडजोड झाल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून मान्य असेल तरच सही करावी. भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण घरातील कागद बहुधा त्यांच्याच स्वाधीन असतात.

कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मंडळाची खोली तासभर उघडी ठेवावी. ज्यांना अर्ज लिहावयाचा असेल त्यांनी नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे पुस्तक घेऊन यावे. लिहिण्यास मी बसेन. माझे अक्षर अद्याप वाचता येते.